ड्रम मशीन निवडताना : किकच्या एका ठोक्यामागचा परिपथ

संगणकावरच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेके रचून कंटाळलेला माणूस बटणे आणि खुंट्या असलेले खरेखुरे ड्रम मशीन घ्यायचे ठरवतो, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न बहुधा ‘ॲनालॉग घेऊ की डिजिटल?’ हाच असतो, आणि सल्ला देणारेही ‘ॲनालॉगच घ्या, त्याच्या आवाजात जीव असतो’ असे छातीठोकपणे सांगून मोकळे होतात. या सल्ल्यात थोडे तथ्य आहे, परंतु ते सगळ्या आवाजांना सारखे लागू पडत नाही. किकसाठी, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या खोल आवाजासाठी, जे खरे आहे ते सिंबलसाठी, म्हणजे धातूच्या झांजेसाठी, खरे असेलच असे नाही, आणि ठेक्याच्या चालीशी तर त्याचा काडीचाही संबंध नाही.

आपल्याकडे ऑर्केस्ट्रात दिसणारा ऑक्टापॅड हा याच घराण्यातला, पण तो वाजवायला हात लागतात. ड्रम मशीनमध्ये ठेका एकदा भरून ठेवला की यंत्र तो स्वतः वाजवत राहते आणि वाजवणाऱ्याचे हात आवाजाचा पोत बदलायला मोकळे राहतात. या यंत्रांचे दोन मूळ मार्ग 1980 साली एकदमच समोर आले. अमेरिकेत रॉजर लिन यांच्या एलएम-1 या यंत्राने खऱ्या ड्रमचे ध्वनिमुद्रित नमुने चिपमध्ये साठवले, हा डिजिटल मार्ग. त्याची किंमत 5,000 डॉलरच्या घरात होती. जपानच्या रोलँड कंपनीने टीआर-808 मध्ये नमुने न साठवता प्रत्येक आवाज ॲनालॉग परिपथातून तिथल्या तिथे निर्माण केला आणि ते यंत्र 1,195 डॉलरला विकले. 808 चा आवाज खऱ्या ड्रमसारखा नाही अशी टीका झाली, सुमारे 12,000 यंत्रे तयार होऊन 1983 मध्ये उत्पादन थांबले, आणि मग जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागलेले हेच यंत्र हिपहॉप, हाऊस आणि टेक्नो करणाऱ्यांच्या हाती पडले. मुंबईतील चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजित सिंग यांनी तर 1982 मध्येच 808 च्या ठेक्यावर रागांची एक संपूर्ण ध्वनिमुद्रिका केली होती.

खऱ्या ड्रमसारखा नसलेला तो आवाज नेमका कसा तयार होतो, हे पाहण्यासारखे आहे. ताणलेल्या गोल चामड्यावर आघात केला की ते एकाच वेळी अनेक प्रकारांनी कंप पावते, आणि या कंपनांच्या वारंवारता 1, 1.59, 2.14 अशा बेसूर गुणोत्तरांत असतात. (तबला आणि मृदंग यांच्या शाईमुळे ही गुणोत्तरे जवळजवळ पूर्णांकी होतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1920 च्या सुमारास दाखवून दिले, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) 808 च्या किकमध्ये या गर्दीपैकी फक्त सर्वांत खालचे एकच कंपन ठेवलेले आहे. शाळेत शिकलेले अवमंदित दोलन ते हेच: एक शुद्ध साइन तरंग, जो सुरू होताच विरू लागतो.

असे दोलन मिळवण्यासाठी वेटोळे आणि कपॅसिटर जोडण्याची पद्धत सर्वांना ठाऊक असते, पण 50 हर्ट्झसाठी लागणारे वेटोळे अवजड आणि महाग पडते. त्याऐवजी 808 मध्ये ‘ब्रिज्ड-टी’ नावाची दोन रेझिस्टर (रोध) आणि दोन कपॅसिटर यांची जोडणी वापरली आहे. हे जाळे एका ठरावीक वारंवारतेला सर्वाधिक अडवते आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या वारंवारता तुलनेने सहज जाऊ देते. आता हेच जाळे प्रवर्धकाच्या (ॲम्प्लिफायरच्या) ऋण प्रतिभरणाच्या मार्गात बसवले, म्हणजे प्रवर्धकाला आवरण्याचे काम त्याच्याकडे दिले, तर ज्या वारंवारतेला ते अडवते तिथे आवर सर्वांत कमी राहतो आणि प्रवर्धन सर्वांत जास्त होते. अशा परिपथाला सुमारे एक मिलिसेकंदाचा विद्युत धक्का दिला की तो त्याच वारंवारतेला झंकारतो. दोन्ही कपॅसिटर सारखे असतील तर ही वारंवारता दोन्ही रोधांच्या गुणाकाराचे वर्गमूळ, कपॅसिटरचे मूल्य आणि 2π या तिन्हींच्या गुणाकाराने 1 ला भागले असता मिळते. 808 मधल्या किमतींच्या जवळची उदाहरणे घेऊ: 15 नॅनोफॅरड, 1 मेगाओम आणि 47 किलोओम घेतले तर उत्तर सुमारे 49 हर्ट्झ येते. 47 च्या जागी 6.8 किलोओम ठेवले तर तेच सुमारे 129 हर्ट्झ होते. ठोक्याच्या पहिल्या काही मिलिसेकंदांपुरता एक ट्रान्झिस्टर हा रोध असाच खाली आणतो, त्यामुळे स्वर वरून सुरू होऊन लगेच खाली कोसळतो, आणि कानाला तो नुसता गुंजारव न वाटता आघात वाटतो.

एवढ्याने काम भागत नाही. वरच्या किमतींनी दोलनाचा ऱ्हासकाल जेमतेम 15 मिलिसेकंद निघतो, आणि 49 हर्ट्झचे एक आवर्तनच 20 मिलिसेकंदांचे असते. म्हणजे पहिले आवर्तन पुरे होण्याआधीच ठोका बव्हंशी मरतो. म्हणून परिपथातून बाहेर पडणाऱ्या संकेताचा थोडा अंश पुन्हा त्याच्याच मुखाशी आणून सोडलेला आहे. झोपाळ्याला प्रत्येक हेलकाव्याबरोबर हलकासा हात लावत राहिले तर तो जसा अधिक वेळ झुलतो, तसे हे दोलन लांबते, आणि यंत्रावरची ‘डिके’ ही खुंटी म्हणजे तो हात किती जोराने लावायचा याचे नियंत्रण होय. ही खुंटी पूर्ण फिरवली की पहिला ठोका विरण्याआधीच दुसरा धक्का येतो. तो धक्का चालू दोलनाच्या कोणत्या टप्प्यावर पडला, यावर नव्या ठोक्याचा आकार अवलंबून असतो, आणि म्हणून लागोपाठचे दोन ठोके अगदी तंतोतंत सारखे नसतात. ज्याला लोक आवाजातला जीव म्हणतात त्याचा मोठा भाग हा आहे. साठवलेला नमुना मात्र दर वेळी आरंभापासून जसाच्या तसा वाजतो.

तरीही यावरून ‘म्हणून ॲनालॉगच’ हा निष्कर्ष निघत नाही. परिपथाची समीकरणे माहीत असतील तर ती प्रोसेसरवर क्षणोक्षणी सोडवता येतात, आणि स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी 2014 मध्ये 808 च्या किकचे असेच प्रारूप, त्यातील प्रत्येक उपपरिपथासह, मांडले. रोलँडचे 2018 मधील टीआर-8एस हे डिजिटल यंत्र परिपथांची प्रारूपे चालवते आणि शिवाय नमुनेही वाजवते. बेहरिंगरच्या आरडी-8 मध्ये 808 चा ॲनालॉग परिपथच पुन्हा बांधलेला आहे. आंधळ्या चाचणीत ओळखता येत नसेल त्या फरकासाठी जादा पैसे मोजणे ही श्रद्धा झाली. याच पंथातले काही जण किक 432 हर्ट्झच्या ‘नैसर्गिक’ श्रुतीवर लावण्याचा आग्रह धरतात. आधारस्वर रूढ 440 हर्ट्झऐवजी 432 धरला तर 49 हर्ट्झचा ठोका 48.1 वर येतो, आणि कपॅसिटरच्या मूल्यातल्या पाच टक्के फरकानेही ठोका याहून अधिक सरकतो. निसर्गाचा यात कसलाही हात नाही.

हाय-हॅट (पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी) आणि सिंबल यांचे गणित निराळे आहे. धातूच्या कंपनांत एक स्वर नसतो, परस्परांशी न जुळणाऱ्या वारंवारतांची दाटी असते. 808 मध्ये त्यासाठी सहा चौकोनी तरंग सतत चालू असतात आणि गाळण्या (फिल्टर) लावून त्यांचा वरच्या वारंवारतांचा भाग घेतला जातो. त्यांतलेच सुमारे 540 आणि 800 हर्ट्झचे दोन तरंग मिळून प्रसिद्ध काउबेल, म्हणजे घंटेसारखा आवाज, होते. हा आवाज सुरेख असला तरी खऱ्या सिंबलचा नव्हे, हे रोलँडनेही ओळखले असावे, कारण 1983 च्या टीआर-909 मध्ये किक आणि स्नेअर (खालून तारा लावलेला ड्रम) ॲनालॉग ठेवून हाय-हॅट आणि सिंबल यांचे 6 बिटांचे, म्हणजे केवळ 64 पातळ्यांचे नमुने घातले गेले. माझ्या मते आजही ही विभागणी शहाणपणाची आहे: किकसाठी परिपथ किंवा त्याचे प्रारूप, धातूसाठी नमुने. ढोलकी, संबळ किंवा दिमडीचे स्वतःचे नमुने वापरायचे असतील तर मात्र एलेक्ट्रॉन डिजिटॅक्टसारखे नमुन्यांवर चालणारे यंत्रच लागेल, कारण निव्वळ ॲनालॉग यंत्रात ते भरताच येत नाहीत.

आवाजाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक लक्ष काळाच्या विभागणीकडे द्यावे. यंत्रात ठेका सोळा समान पायऱ्यांत भरला जातो. मिनिटाला 120 ठोक्यांच्या गतीला, एका ठोक्याच्या चार पायऱ्या धरून, त्यातली एक पायरी 125 मिलिसेकंदांची असते. एलएम-1 पासून रूढ झालेला ‘स्विंग’ म्हणजे दोन पायऱ्यांच्या 250 मिलिसेकंदांची असमान वाटणी. 58 टक्क्यांवर ती 145 आणि 105 अशी होते. यंत्रातले घड्याळ अशा एका ठोक्याचे (चार पायऱ्यांचे) 24 भाग करत असेल तर आघात सरकवण्याचे सर्वांत लहान माप जवळजवळ 21 मिलिसेकंद राहते, 96 भाग असतील तर सुमारे 5. त्रितालाच्या सोळा मात्रा अशा यंत्रात आयत्याच बसतात, परंतु रूपकाच्या सात किंवा झपतालाच्या दहा मात्रांसाठी पायऱ्यांची संख्या बदलता यायला हवी. प्रत्येक वाद्याची लांबी स्वतंत्रपणे ठरवता आली तर सात पायऱ्यांची ओळ आणि सोळा पायऱ्यांची ओळ 112 पायऱ्यांनी, म्हणजे याच गतीला 14 सेकंदांनी, पुन्हा समेवर भेटतात. ही सोय यंत्रात आहे का, हे आधी विचारावे.

दुकानात ऐकून घेणाऱ्यांसाठी एक सूचना. लहान स्पीकर 50 हर्ट्झचा तरंग जवळजवळ पुनरुत्पादित करत नाहीत, त्यामुळे शुद्ध किक तिथे पोकळ वाटते. तिला थोडी विकृती (डिस्टॉर्शन) दिली तर 98 आणि 147 हर्ट्झचे संनादी स्वर उमटतात आणि मेंदू त्यांवरून खालचा स्वर भरून काढतो. म्हणून चांगल्या हेडफोनवर ऐकावे आणि विकृतीची खुंटी यंत्रातच आहे का ते पाहावे. पुढे ध्वनिमुद्रण करायचे असेल तर प्रत्येक वाद्याला वेगळे निर्गम (आउटपुट) आहेत का हेही तपासावे: आर्टुरियाच्या ड्रमब्रूटमध्ये ते आहेत, कोर्गच्या छोट्या आणि स्वस्त व्होल्का बीट्समध्ये सगळ्या वाद्यांचे आवाज एकाच छिद्रातून बाहेर पडतात आणि नंतर किक वेगळी काढता येत नाही.