बिनएसीचं ऑफिस आणि मेणवलीचा चौक

मेच्या दुसऱ्या आठवड्यात साताऱ्यात एक गंमत घडते. भर दुपारी, म्हणजे घड्याळात बारा नव्हे तर साडेबाराच्या सुमारास, सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच गडप होते. ऑगस्टच्या सुरुवातीला हे पुन्हा घडतं, पण तेव्हा आभाळ भरलेलं, पाहणार कोण? या दोन दिवसांमधला काळ सोडला, तर उरलेले नऊ-साडेनऊ महिने दुपारचा सूर्य आपल्या दक्षिणेला. म्हणून इथे छतावरचे सोलर पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, साताऱ्याच्या अक्षांशाएवढे, साधारण १७-१८ अंशांनी कलते बसवतात.

नैरोबीत हे गणित पार बदलतं. केनियाची ही राजधानी विषुववृत्ताच्या जेमतेम सव्वा अंश दक्षिणेला. सूर्य निम्मं वर्ष उत्तरेला, निम्मं दक्षिणेला. पॅनेल जवळजवळ आडवे ठेवले तरी चालतात; पावसाने धूळ वाहून जाण्यापुरता उतार दिला की झालं. तिथल्या गिगिरी भागात संयुक्त राष्ट्रांचा सुमारे १४० एकरांचा परिसर आहे. मार्च २०११मध्ये त्यात सुमारे १,२०० कर्मचाऱ्यांसाठी नवी इमारत सुरू झाली. छतावर ६,००० चौरस मीटर पॅनेल, क्षमता ५१५ किलोवॅट. आपल्याकडे घरावर बसवतात तशा ३ किलोवॅटच्या १७० संचांएवढी. (आजच्या पॅनेलांना याच्या निम्मीही जागा लागणार नाही, इतकी ती सुधारलीत.) वर्षभरात जेवढी वीज लागेल तेवढी तिथेच तयार व्हावी, हा बेत.

मला मात्र पॅनेलांपेक्षा भावतं ते तिथे नसलेलं यंत्र. कामाच्या खोल्यांना एसी नाही. इमारतीच्या मधोमध उंच, उजेडाचा मोकळा भाग ठेवलाय. माणसं, दिवे, संगणक यांनी तापलेली हवा हलकी होऊन तिकडे वर चढते, माथ्यावरून निघून जाते आणि तिच्या जागी खिडक्यांतून गार हवा आत ओढली जाते. दिवसा दिवेही कमीच लागतात.

वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा पाहिलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. चौक म्हणजे दुसरं काय! तापलेली हवा वर जायला वाट, आणि आतल्या खोल्यांना उजेड.

पण नैरोबीची नक्कल साताऱ्यात जशीच्या तशी चालायची नाही. ते शहर सुमारे १,७०० मीटर उंचीवर आहे, महाबळेश्वरच्याही वर. भर उन्हाळ्यात दुपारी २६-२७ अंश. आपल्या एप्रिलमध्ये बाहेरची हवाच भाजत असते, ती आत ओढून काय मिळणार? म्हणून वाड्याला जाड भिंती. दिवसभराची उष्णता भिंतीतून आत झिरपेपर्यंत संध्याकाळ होते, मग रात्रीच्या गारव्यात दारं-खिडक्या उघडायच्या.

पाण्याची सोयही नैरोबीच्या त्या इमारतीत पाहण्यासारखी: छतावरचा पाऊस दाराशी असलेल्या तळ्यांत, सांडपाणी शुद्ध होऊन बागेला. माण-खटावच्या माणसाला याचं मोल वेगळं सांगायला नको.

आणि आपण हल्ली पश्चिमेच्या भिंतीला आख्खी काच लावतो. दक्षिणेच्या खिडकीला छज्जा वाचवतो, पश्चिमेच्या काचेला तोही वाचवू शकत नाही. संध्याकाळचं तिरपं ऊन त्याच्या खालून सरळ टेबलावर येतं. मग पडदे ओढायचे, आणि अंधार झाला म्हणून दिवे लावायचे.