इजनॅन आणि नंबर.इजनॅन: १२ नि ७ मिळून १२७

आंब्याच्या दिवसांत देवगडच्या काकांसाठी मी जावास्क्रिप्टमध्ये हिशेबाचं एक छोटं पान बनवलं. वाशीला किती पेट्या गेल्या ते गड्याने मोबाईलवर भरायचं, बेरीज पान करणार. पहिल्याच आठवड्यात काकांचा फोन: "अरे, १२७ खंय आसत?" गेल्या होत्या १९.

ॲरेत, म्हणजे कोडमधल्या नोंदींच्या यादीत, पहिला होता १२, खराखुरा आकडा. मग एक रिकामी चौकट. मग ७, पण मजकूर म्हणून आलेला. (लेखातले आकडे देवनागरीत आहेत, कोडमध्ये ते इंग्रजी समजा.) अधिक चिन्हाच्या एका बाजूला मजकूर आला की जावास्क्रिप्ट बेरीज सोडून जोडाजोड करते. रिकाम्या चौकटीने १२ चा मजकूर केला आणि ७ त्याच्या शेपटीला चिकटला.

तपासणी मी लावली होती, नंबर.इजनॅनची. (नॅन म्हणजे "नॉट अ नंबर", आकडा निघू शकला नाही अशी खूण; इजनॅन विचारतो, "हा नॅन आहे का?") इजनॅन दोन आहेत, एक जुना आणि हा नंबर.इजनॅन. नवा आहे म्हणजे चांगला असणार, एवढाच विचार.

जुना इजनॅन आधी समोरच्या गोष्टीचा आकडा करून बघतो आणि मग तो नॅन आहे का ते सांगतो. मजकुरातल्या ७ चा होतो ७, "सात"चा नॅन, आणि रिकाम्या चौकटीचं चक्क शून्य. २०१५ मध्ये आलेला नंबर.इजनॅन असलं काही करत नाही. समोर खुद्द नॅन असेल तरच "हो". त्याला "हापूस" द्या, तरी "नाही"च म्हणेल. कारण हापूस हा मजकूर, नॅन नव्हे. मी मात्र त्याचा अर्थ "हा आकडा नाही ना?" असा लावून बसलो होतो. नॅन स्वतः आकड्यांच्याच जातीतला. किमतीचा प्रकार सांगणाऱ्या टाइपऑफला विचारलं तर "नंबर" असंच उत्तर येतं.

गंमत म्हणजे जुना वापरला असता तरी १२७च आले असते. तो रूपांतर करतो ते फक्त स्वतःच्या उत्तरापुरतं. ॲरेतला ७ मजकूरच राहतो.

म्हणून आता क्रम असा ठेवलाय: मजकुराच्या कडेच्या मोकळ्या जागा काढायच्या, काही उरलं नाही तर "भरलेलं नाही" म्हणून बाजूला. उरलेल्यावर मजकुराचा आकडा करणारं नंबर() चालवून निघालेला आकडा वेगळा धरायचा, तो नंबर.इजफायनाइटने (नॅन किंवा अनंत नाही ना, हे बघणाऱ्या) तपासायचा आणि तोच बेरजेत घ्यायचा. इजफायनाइट अशासाठी, की पेट्या शून्य असताना गाडीभाडं पेट्यांनी भागलं की अनंत येतं, आणि ते दोन्ही इजनॅनमधून सुटतं. भाडंही शून्य असेल तर मात्र शून्य भागिले शून्य नॅन देतं, नंबर.इजनॅन खरा कामाचा अशा ठिकाणी.

ॲरेतल्या नोंदी एकेक करून घ्यायला लूप फॉर-ऑफचाच. फॉर-इन किमती देत नाही, "०", "१" असे क्रमांक देतो, तेही मजकुरात.

आपल्याकडची खास अडचण वेगळीच. गड्याच्या मोबाईलचा कीबोर्ड मराठी, आणि देवनागरीत टंकलेल्या १२ चा नंबर() नॅन करतो. अंक आधी बदलून घ्यावे लागतात. मजकुरातून पूर्णांक काढणारा पार्सइंट इथेही उपयोगाचा नाही, आणि एरवी तो फारच समजूतदार: "१२ पेट्या"तून १२ उचलतो, पण स्वल्पविराम दिलेल्या "१,२००" रुपयांचा १ करतो.