‘डीटूर’ खरंच ६ दिवसांत झाला?

हॉलिवूडच्या जुन्या, स्वस्तातल्या खूनपटांचा विषय निघाला की १९४५ च्या ‘डीटूर’चं नाव येतं आणि पाठोपाठ ती दंतकथाही: अख्खा सिनेमा ६ दिवसांत, २० हजार डॉलरांत उरकला! ही थाप पसरवण्यात खुद्द दिग्दर्शक एडगर उल्मर यांचाही हात होता. ६ दिवसांचं ते स्वतःच सांगायचे.

कागदपत्रं वेगळंच बोलतात. शूटिंगच्या संहितेवर १४ ते २९ जून १९४५ अशा तारखा आहेत. कॅमेऱ्याचे दिवस १४. खर्च गेला लाख डॉलरांच्या वर. हा सिनेमा काढणाऱ्या पीआरसी या कंगाल स्टुडिओच्या मानाने ही रक्कम चैनीचीच म्हणायची.

अर्थात काटकसर खोटी नव्हती. न्यूयॉर्कचा रस्ता उभारायला पैसे नाहीत, मग धुकं सोडा आणि दिव्याचा एक खांब दाखवा. लिफ्ट मागण्याच्या काही दृश्यांत तर फिल्म आरशातल्यासारखी उलटी छापल्यामुळे गाड्या रस्त्याच्या चुकीच्या बाजूने धावतात. मला विचाराल तर त्या ६ दिवसांच्या बढाईपेक्षा हे धुकंच जास्त कौतुकाचं. १९९२ मध्ये हाच सिनेमा अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत, म्हणजे जपून ठेवण्याजोग्या सिनेमांच्या यादीत, दाखल झाला.