दिलेली पीडीएफ आणि उचललेली पीडीएफ

आमच्या वाचनाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर रविवारी कुणीतरी पीडीएफ टाकतं आणि खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग लागते. फाईल आली कुठून, हे कोणी विचारत नाही. पण फुकट पुस्तकांत दोन जाती असतात आणि मोबाईलवर दोन्ही दिसायला सेम.

एक, दिलेली. ई साहित्य प्रतिष्ठान लेखकाच्या परवानगीने पुस्तकं फुकट वाटतं, तिथे लेखकानेच ठरवलेलं असतं की पैसे नकोत, वाचक हवेत. कॉपीराइट संपलेलीही यातच धरा. आपल्याकडे लेखक गेल्यावर 60 वर्षं कॉपीराइट राहतो, मोजायचा पुढच्या 1 जानेवारीपासून. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, म्हणून त्यांचं लेखन 2011 पासून सगळ्यांचं. आता गंमत बघा, वि. स. खांडेकर गुरुजींपेक्षा वयाने मोठे, पण गेले 1976 ला, म्हणजे त्यांची पुस्तकं 2036 संपेपर्यंत मोकळी नाहीत. लोक मात्र "जुनं आहे ना, मग फ्रीच" म्हणत दोघांना एकाच झिपमध्ये कोंबतात.

दुसरी, उचललेली. मध्यंतरी एका नव्या कथासंग्रहाचं स्कॅन आलं, प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात कुणाचातरी अंगठा आणि मागे टेबलाचा सनमायका. पुस्तक 300 रुपयांचं. 10 टक्के रॉयल्टी धरली तर प्रतीमागे 30 रुपये, हजार प्रतींची अख्खी आवृत्ती खपली तरी 30 हजार, तेही खपायला किती वर्षं लागतील देव जाणे. ग्रुपमधल्या सगळ्यांनी विकत घेतलं असतं असं अजिबात नाही, निम्मे तर फाईल उघडतही नाहीत (मीही त्यातलाच), पण जे वीसेक जण घेणारे होते त्यांचंही फुकटात भागलं ना.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे फुकट वाचूनच लोक पुढचं पुस्तक घेतात. इंग्रजीत विज्ञानकथा लिहिणाऱ्या कोरी डॉक्टरोने 2003 मध्ये पहिली कादंबरी छापील विक्रीला आली तेव्हाच नेटवर फुकट ठेवली होती, खरंय, पण ठेवली त्याने स्वतः, प्रकाशकाला सांगून. आपल्याकडे दुसरी आवृत्ती काढायची की नाही हे प्रकाशक खप बघून ठरवतो, त्या हिशोबात पीडीएफवाले वाचक कुठेच नसतात, मग पुस्तक कितीही "व्हायरल" होवो.

मी ग्रुपवर लिहिलं, हे पुस्तक दुकानात मिळतंय. लगेच एका काकांचा रिप्लाय, "मग तुमच्याकडे असेल तर 40 ते 46 पानं टाका, यात नाहीयेत."