एस्पेरांतोतील क्रियापद

लुडविक झामेनहोफ यांनी १८८७ मध्ये वॉर्सा येथे मांडलेल्या एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत क्रियापद पुरुष, वचन किंवा लिंगानुसार बदलत नाही. तिच्या मूळ सोळा नियमांपैकी सहावा नियम क्रियापदाचा आहे. सोलापूरच्या मागावरचेच उदाहरण घ्यायचे, तर ‘तेक्सी’ म्हणजे विणणे. त्याचे वर्तमानात ‘तेक्सास’, भूतकाळात ‘तेक्सिस’, भविष्यात ‘तेक्सोस’, संकेतार्थात ‘तेक्सुस’ आणि आज्ञार्थात ‘तेक्सु’ होते. अनियमित क्रियापद एकही नाही. ‘तेक्सु’ हे एकच रूप ‘विण’, ‘विणा’ आणि ‘त्याने विणावे’ या सर्वांचे काम करते. इच्छा व्यक्त करणाऱ्या वाक्यातही तेच येते (‘मी वोलास, के ली तेक्सु’ : त्याने विणावे अशी माझी इच्छा आहे).

मराठीत तिने चादर विणली, टॉवेल विणला, कापड विणले, असे क्रियापद कर्माच्या मागे धावते. एस्पेरांतोत तिन्ही ठिकाणी ‘शी तेक्सिस’ एवढेच राहते, कर्त्याला ‘ने’ लागत नाही आणि कर्माला ‘न’ हा प्रत्यय जोडावा लागतो : ‘शी तेक्सिस श्तोफोन’, तिने कापड विणले. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या सोलापूरकरांना ही रचना मराठीभाषकांपेक्षा लवकर उमगावी, कारण त्या भाषांत भूतकाळातही कर्ता विनाप्रत्यय राहतो. शिवाय तेलुगूतील ‘नि’, ‘नु’ आणि कन्नडमधील ‘अन्नु’ हे कर्माचे प्रत्यय कानाला ‘न’च्या जवळचे वाटतात. अर्थात हा निव्वळ योगायोग आहे. मात्र क्रियापदावरून कर्ता ओळखता येत नसल्याने तो गाळता येत नाही. मराठीत नुसते ‘विणतो’ चालते, तेथे ‘मी तेक्सास’ असेच म्हणावे लागते.

खरी अडचण प्रत्ययांची नसून सकर्मक-अकर्मक भेदाची आहे. मराठीत पाणी उकळते आणि आपण पाणी उकळतो, दोन्हीकडे क्रियापद एकच. एस्पेरांतोत ‘बोली’ हे केवळ अकर्मक आहे. पाणी उकळवायचे असेल, तर ‘इग’ हा प्रयोजक प्रत्यय लावून ‘बोलिगी’ करावे लागते. उलट ‘रोंपी’ (मोडणे) हे सकर्मक असल्याने वस्तू आपोआप मोडली, तर ‘रोंपिजी’ असे म्हणतात. कोणता धातू कोणत्या गटात बसतो हे त्याच्या रूपावरून कळत नाही. ते शब्दकोशात पाहून पाठच करावे लागते, आणि ‘सोपी भाषा’ हा लौकिक येथे काहीसा फिका पडतो.

कर्मणी रचनेत विणले जात असलेले कापड ‘तेक्साता’ आणि विणून झालेले ‘तेक्सिता’ ठरते. भूतकाळातील एखादी पुरी झालेली घटना सांगताना यांपैकी कोणते धातुसाधित वापरावे, याविषयी एस्पेरांतोभाषकांत दीर्घकाळ कडाक्याचा वाद चालला. १९६७ मध्ये एस्पेरांतो अकादमीने ‘इता’च्या बाजूने कौल दिला.