नव्या फायबर होडीचा ताबा घेण्यापूर्वीची तपासणी, नोंदणी आणि मासेमारी परवान्याचा अर्ज

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. नवी होडी घेणारे अनेक मच्छीमार याच दोन महिन्यांत कारखानदाराकडे किंवा विक्रेत्याकडे हेलपाटे घालत असतात. 1 ऑगस्टला समुद्र खुला होण्यापूर्वी होडी पाण्यात उतरावी, जाळी चढावीत आणि खलाशी ठरावेत अशी प्रत्येकाची धडपड असते. या घाईत होडीचा ताबा घेण्याचा दिवस हार-नारळ आणि फोटोंमध्येच निघून जातो. वास्तविक त्याच दिवशी सही होणाऱ्या ताबापावतीवर आणि बिलावर जे आकडे लिहिले जातात, तेच पुढे नोंदणी प्रमाणपत्रात, विम्यात, बँकेच्या कागदांत आणि डिझेल परताव्याच्या नोंदीत उतरतात. म्हणून होडीची तपासणी आणि अर्जाची तयारी ही दोन निराळी कामे मानू नयेत. नोंदणीच्या अर्जात जी माहिती भरावी लागते तिची यादी हातात घेऊनच होडीभोवती फिरावे आणि प्रत्येक बाब ताडून पाहिल्यावरच पावतीवर सही करावी.

अर्ज कोण करू शकतो आणि कोणाकडे

मासेमारी नौकेला दोन निराळी कागदपत्रे लागतात आणि त्यांची गल्लत वारंवार होते. पहिले नोंदणी प्रमाणपत्र. ते व्यापारी नौवहन कायद्याखाली निबंधकांकडून मिळते आणि त्यातून नौका कोणाची, कोणत्या मापाची व कोणत्या इंजिनाची हे ठरते. भारतीय नागरिक, भारतातील कंपनी किंवा नोंदणीकृत सहकारी संस्था यांच्या मालकीची नौका या नोंदणीला पात्र असते. दुसरा कागद म्हणजे मासेमारी परवाना. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, 1981 अन्वये मत्स्यव्यवसाय विभागाचे परवाना अधिकारी तो देतात. राज्याच्या जलधिक्षेत्रात, म्हणजे किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंत, कोणत्या प्रकारच्या जाळ्याने मासेमारी करता येईल हे त्या परवान्यावर नमूद असते. नोंदणी झाली म्हणजे मासेमारीची मुभा मिळाली, असे मुळीच नाही.

दोन्ही अर्जांसाठी ‘रिअलक्राफ्ट’ ही ऑनलाइन प्रणाली आहे. ज्यांना ती स्वतः हाताळणे अवघड वाटते त्यांनी आपल्या मच्छीमार सहकारी संस्थेच्या सचिवाची किंवा जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयाची मदत घ्यावी. रायगडसाठी हे कार्यालय अलिबागला आणि सिंधुदुर्गसाठी मालवणला आहे. एक गोष्ट मात्र आगाऊ रक्कम देण्याच्याही आधी करावी. आपण घेणार असलेल्या मापाच्या, इंजिनाच्या आणि जाळ्याच्या नौकेला परवाना मिळेल का, आणि बांधणीपूर्वी काही परवानगी घ्यावी लागेल का, हे परवाना अधिकाऱ्यांना लेखी अर्ज करून विचारावे आणि पोच घ्यावी. पर्ससीन (माशांच्या थव्याला वेढून तळाशी आवळले जाणारे) जाळ्यासारख्या पद्धतींवर राज्यात कडक निर्बंध आहेत, त्यामुळे होडी उभी राहिल्यावर हा प्रश्न विचारणे फार महागात पडू शकते.

प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतून पारंपरिक मच्छीमारांना होडी व जाळ्यांसाठी 5 लाख रुपयांच्या प्रकल्पखर्चावर सर्वसाधारण गटाला 40 टक्के, तर अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि महिलांना 60 टक्के अर्थसाहाय्य ठरवण्यात आले. योजनेतून होडी घेत असल्यास बिलाची तारीख मंजुरीपत्राच्या तारखेनंतरची असावी आणि बिलातील वर्णन मंजुरीपत्रातील वर्णनाशी शब्दशः जुळावे, याची काळजी घ्यावी.

कागद आधी, होडी नंतर

ताब्याच्या दिवशी विक्रेत्याकडून घ्यायच्या कागदांपैकी सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बांधणीदाराचे प्रमाणपत्र. नौका कोणी, कोठे आणि कोणत्या वर्षी बांधली, तिची लांबी, रुंदी व खोली किती आणि ती कोणत्या साहित्याची आहे हे त्यावर असते. होडीच्या अंगावर बांधणीदाराने दिलेला क्रमांक किंवा पट्टी असल्यास तो क्रमांक प्रमाणपत्रात जसाच्या तसा आला पाहिजे. त्यानंतर होडीचे आणि इंजिनाचे बिल येते. बहुधा ही दोन बिले वेगवेगळ्या विक्रेत्यांची असतात, म्हणून दोन्हींवर खरेदीदाराचे नाव आधारकार्डावर आहे तसेच लिहून घ्यावे. वडिलांचे नाव एका बिलात पूर्ण आणि दुसऱ्यात आद्याक्षराने आले, एवढ्यावरूनही अर्ज त्रुटीसाठी परत येऊ शकतो.

बिलावरील वर्गीकरणाकडे फारसे कोणी पाहत नाही, पण ते पाहायलाच हवे. वस्तू व सेवा करात मासेमारी नौका शीर्षक 8902 खाली येते आणि तिच्यावर 5 टक्के कर आहे. मौजेच्या किंवा क्रीडेच्या बोटी शीर्षक 8903 खाली येतात व त्यांचा दर कितीतरी पटींनी जास्त आहे. बिलात नुसते ‘फायबर बोट’ असे मोघम लिहिले असेल तर ‘मासेमारी नौका’ असे स्पष्ट लिहून घ्यावे, कारण याच शब्दांवर करही ठरतो आणि नोंदणीच्या छाननीत नौकेचा हेतूही दिसतो.

अर्जासोबत सर्वसाधारणपणे अर्जदाराचे ओळखपत्र व रहिवासाचा पुरावा, मच्छीमार संस्थेचे सभासदत्व किंवा शिफारस, बांधणीदाराचे प्रमाणपत्र, होडी व इंजिनाची बिले, नौकेची छायाचित्रे आणि कर्ज असल्यास बँकेची कागदपत्रे जोडावी लागतात. छायाचित्रे ताब्याच्या दिवशीच काढावीत: दोन्ही बाजूंनी पूर्ण होडी, समोरून नाळ (होडीचे पुढचे टोक), मागून इंजिनासह मागची फळी आणि इंजिनाच्या क्रमांकाची पट्टी स्वच्छ वाचता येईल असा जवळचा फोटो.

इंजिनाचा क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी वाचावा. विक्रेत्याने वाचून दाखवलेला क्रमांक लिहून घेणे म्हणजे तपासणी नव्हे. एकाने इंजिनावरचा क्रमांक मोठ्याने वाचावा आणि दुसऱ्याने तो बिल, वॉरंटी कार्ड व खोक्यावरील चिठ्ठी या तिन्हींशी ताडावा. शून्य आणि ‘ओ’, एक आणि ‘आय’ यांची अदलाबदल येथेच होते. अश्वशक्तीचा आकडाही तसाच पाहावा, कारण पुढे डिझेल परतावा, विमा आणि परवाना या तिन्ही ठिकाणी तोच आकडा विचारला जातो.

होडीची पाहणी

पाहणी भर उजेडात, होडी कोरडी आणि रिकामी असताना करावी. संध्याकाळी बोलावले तर जाऊ नये. पहिल्यांदा टेप घेऊन लांबी, रुंदी आणि खोली मोजावी. निबंधकांच्या कार्यालयातून प्रत्यक्ष पाहणी होते तेव्हा मापे घेतली जातात आणि बिलातील मापाशी ती जुळली नाहीत तर सगळे कागद दुरुस्त करावे लागतात. सांगितलेल्या लांबीत नाळेपुढचा भाग धरला आहे की नाही, हे विचारून घेतले की वाद टळतो.

मग होडीच्या अंगावरून डोळा फिरवावा. नाळेपाशी उभे राहून मागच्या फळीकडे पाहिले असता कडा सरळ जाते का, की मध्येच पोटात दबल्यासारखी दिसते, हे पाहावे. जेलकोटवर, म्हणजे फायबरच्या बाहेरच्या गुळगुळीत थरावर, केसासारख्या भेगा, फोड किंवा कापडाची वीण दिसणे ही घाईने केलेल्या कामाची खूण असते. त्यानंतर पाच रुपयांच्या नाण्याने तळ आणि बाजू वीतभर अंतराने ठोकत जावे. थर घट्ट चिकटलेले असतील तर आवाज टणक येतो. जेथे थर सुटले आहेत किंवा आत हवा राहिली आहे तेथे तो फुटक्या मडक्यासारखा बद्द येतो. ही चाचणी बिनखर्चाची आहे आणि माझ्या मते यापेक्षा उपयोगी तपासणी दुसरी नाही. बद्द आवाजाच्या जागेवर खडूने खूण करून फोटो काढावा आणि ती जागा दुरुस्त केल्याशिवाय सही करू नये. आतल्या आडव्या पट्ट्या तळाशी जोडल्या आहेत त्या सांध्यांवर आणि इंजिन ज्या फळीवर बसते तिच्या दोन्ही कोपऱ्यांवर विशेष लक्ष द्यावे. इंजिनाचा सगळा जोर त्या फळीवर येतो. तिला पाडलेल्या भोकांच्या कडा बंद केलेल्या नसतील तर आतल्या लाकडात पाणी मुरते आणि दोन-तीन हंगामांत फळी मऊ पडते.

आउटबोर्ड (मागच्या फळीवर बाहेरून बसवलेले) इंजिन आणि फळी यांची उंची जुळणे आवश्यक असते. लहान शाफ्टच्या इंजिनाला सुमारे 15 इंच आणि लांब शाफ्टच्या इंजिनाला सुमारे 20 इंच उंचीची फळी लागते. पंख्याच्या (प्रोपेलरच्या) वरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या पातळीला किंवा किंचित खाली असावी. ती वर राहिली तर वळताना पंखा हवा ओढतो, आणि फार खाली गेली तर होडी जड चालते. फळीला इंजिन नुसत्या मुठींनी आवळून न ठेवता आरपार बोल्टने बसवलेले असावे.

आणखी काही बाबी चटकन पाहता येतात: तळातील पाणी सोडण्याचे बूच घट्ट बसते का, दोर बांधण्याच्या खुंट्यांना आतून पाठबळ दिले आहे का, बोल्ट गंजणारे तर नाहीत ना, आणि बुडू नये म्हणून भरलेला फोम खरोखर आहे का.

पाण्यातील चाचणी

जुलैत बाहेरच्या समुद्रात चाचणी घेण्याचा हट्ट धरू नये. भरतीच्या वेळी खाडीत ती व्यवस्थित घेता येते. होडी पाण्यात सोडल्यावर रिकामी असताना ती एका बाजूला कलते का हे पाहावे. शक्य असल्यास तिला एक रात्र नांगरावर ठेवावे आणि सकाळी तळ कोरडा आहे का हे तपासावे. पावसाचे पाणी गळतीशी मिसळू नये म्हणून वरून ताडपत्री बांधावी.

आउटबोर्ड इंजिन पाण्याबाहेर सुरू करून दाखवण्याचा प्रकार थांबवावा, कारण थंड करणाऱ्या पंपातील रबरी चकती कोरडी फिरल्यास लगेच खराब होते. पाण्यात इंजिन सुरू होताच मागून पाण्याची बारीक पण सलग धार आली पाहिजे. नव्या इंजिनाला सुरुवातीचे सुमारे दहा तास जपून चालवावे लागते. म्हणून पूर्ण वेगाची चाचणी पुस्तिकेत सांगितले असेल तेवढ्याच वेळेची असावी. एरवी जितकी माणसे व जाळी असतात साधारण तितके वजन घेऊन इंजिन पूर्ण वेगाला पुस्तिकेत दिलेल्या दर मिनिटाच्या फेऱ्यांपर्यंत पोहोचते का, हे पाहावे. फेरे कमी पडत असतील तर पंखा होडीला जड आहे, आणि तो बदलून मागण्याची योग्य वेळ ताबा घेण्यापूर्वीचीच असते. आणीबाणीत इंजिन बंद करणारी दोरी ओढून इंजिन खरेच बंद पडते का, तेही पाहावे.

वॉरंटीचा अर्ज भरताना वापर ‘मासेमारीसाठी’ असाच लिहावा. व्यावसायिक वापराला वॉरंटीचा काळ बहुधा कमी असतो, म्हणून विक्रेता कधीकधी खासगी वापर लिहायला सुचवतो. पण पुढे दावा करताना तीच नोंद आपल्याविरुद्ध जाते.

दोष आढळल्यास

वस्तू विक्री अधिनियम, 1930 च्या कलम 41 प्रमाणे खरेदीदाराला माल तपासण्याची वाजवी संधी मागण्याचा अधिकार आहे आणि विक्रेत्याने ती देणे बंधनकारक आहे. ‘माल सुस्थितीत मिळाला’ असे छापलेल्या पावतीवर दोष आढळूनही सही करणे भाग पडत असेल, तर त्याच पावतीवर दोषांची नोंद आणि दुरुस्तीची तारीख हाताने लिहून विक्रेत्याची सही घ्यावी. शेवटचा हप्ता दुरुस्तीनंतर देण्याचे ठरवणे अधिक चांगले, आणि हे आगाऊ रक्कम देतानाच लिहून घेतलेले असावे.

होडी धंद्यासाठी असल्याने ग्राहक आयोगात जाता येत नाही, अशी समजूत किनाऱ्यावर पक्की रुजली आहे. ती बरोबर नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 व्यावसायिक खरेदीला वगळतो, पण स्वयंरोजगारातून स्वतःचा उदरनिर्वाह करण्यासाठीच घेतलेली वस्तू त्याने व्यावसायिक मानलेली नाही. स्वतः होडीवर जाणाऱ्या मच्छीमाराला या तरतुदीचा आधार घेता येतो. दिलेला मोबदला 50 लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येते, 5 लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांत ती दाखल करावी लागते. खडूच्या खुणांचे फोटो आणि हाताने लिहिलेली नोंद येथे पुरावा म्हणून कामी येते.

ताबा घेतल्यानंतर

अर्ज ऑनलाइन भरताना नौकेचा प्रकार नीट निवडावा. आउटबोर्ड इंजिनाच्या होडीला नोंदणी क्रमांकात ‘एमओ’ ही अक्षरे येतात, आत इंजिन बसवलेल्या यांत्रिक नौकेला ‘एमएम’ आणि इंजिन नसलेल्या होडीला ‘एनएम’. महाराष्ट्राच्या क्रमांकाची सुरुवात ‘आयएनडी-एमएच’ने होते. छाननीनंतर प्रत्यक्ष पाहणीचा दिवस कळवला जातो. त्या दिवशी होडी किनाऱ्यावर, रिकामी आणि इंजिन बसवलेल्या स्थितीत असावी आणि मूळ कागद हाताशी असावेत. प्रमाणपत्र मिळाल्यावर क्रमांक नाळेच्या दोन्ही बाजूंना ठळक रंगवावा आणि होडीला ठरवून दिलेला रंग द्यावा. मग परवान्याचा अर्ज, विमा आणि खलाशांची ओळखपत्रे यांचे काम पूर्ण करावे.

परवाना हातात येईपर्यंत, 1 ऑगस्ट उलटून गेला तरी, जाळे टाकायला जाऊ नये. पहिल्या फेरीला निघताना प्रत्येक खलाशासाठी लाइफ जॅकेट, एक लाइफबॉय (तरंगते कडे), अग्निशामक आणि संदेशवहनाचे साधन होडीवर असावे. तटरक्षक दलाचा 1554 आणि सागरी पोलिसांचा 1093 हे क्रमांक आतल्या बाजूला रंगवून घ्यावेत. नोंदणी प्रमाणपत्र, परवाना आणि विमा यांच्या प्रती पाणी न शिरणाऱ्या डब्यात होडीवरच ठेवाव्यात. मूळ बिले, बांधणीदाराचे प्रमाणपत्र आणि दोषांच्या नोंदीसह ताबापावती घरी जपून ठेवावी, कारण नूतनीकरण, इंजिनबदल किंवा विक्री यांपैकी काहीही करायचे झाले की पहिली मागणी त्यांचीच होते.