पुण्यात ‘ड्रंक अँड ड्राइव्ह’च्या खटल्याची नोंद कशी शोधायची आणि नक्कल कुणाला मिळते

रात्री कोरेगाव पार्कातून परतताना नाकाबंदीत सापडलेला, मशीनमध्ये फुंकर मारायला लागलेला आणि नंतर कोर्टात दंड भरून आलेला मुलगा मित्रांना सांगतो, ‘मिटलं रे, दहा हजार गेले फक्त.’ मिटलेलं नसतं. कोर्टात गुन्हा कबूल करून दंड भरला म्हणजे तो माणूस दोषी ठरला, आणि ती नोंद राहते. पुढे एमएससाठी अमेरिकेच्या व्हिसाचा डीएस-१६० फॉर्म भरायला बसला की तिथे प्रश्न येतो: तुम्हाला कधी अटक झाली होती का, कुठल्या गुन्ह्यात दोषी ठरला होतात का? तेव्हा आईवडील मला विचारतात, ‘ते कागद कुठे मिळतील?’ मुलाकडे केस नंबरही नसतो. शिक्षणासाठी राज्यभरातून मुलं येतात अशा या शहरात हे वारंवार घडतं, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहितो आहे.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. सिग्नल तोडला, हेल्मेट नव्हतं, तर ई-चलान येतं आणि मोबाइलवर भरता येतं. दारू पिऊन गाडी चालवण्याचं तसं नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १८५ खालचा हा गुन्हा आहे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की तो लागू होतो. पहिल्यांदा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही, पुन्हा केलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५ हजार दंड किंवा दोन्ही. कलम २०० मध्ये जागेवर तडजोड करता येण्याजोग्या गुन्ह्यांची यादी आहे, त्यात १८५ नाही. त्यामुळे रस्त्यावर पावती फाडून हा विषय कायद्याने संपत नाही, खटला कोर्टातच जातो. ई-चलानच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून ‘काहीच दिसत नाही, म्हणजे काहीच नाही’ असा समज करून घेऊ नका.

शोध ईकोर्ट्सवर, म्हणजे न्यायालयांच्या खटल्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, घ्यायचा. संकेतस्थळ आहे आणि ‘ईकोर्ट्स सर्व्हिसेस’ नावाचं मोबाइल अ‍ॅपही आहे. दोन्ही फुकट, नोंदणी लागत नाही, कॅप्चा तेवढा भरावा लागतो. प्रत्येक खटल्याला मिळणारा स्वतंत्र सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक हाताशी असेल तर पाच मिनिटांचं काम आहे. पुणे जिल्ह्याचे सीएनआर ‘एमएचपीयू’ या इंग्रजी अक्षरांनी सुरू होतात. दंडाची पावती, समन्स, जामिनाचा कागद, वकिलाने पाठवलेला मेसेज, यांपैकी कशावर तरी तो किंवा निदान केस नंबर असतो. ते कागद आधी घरात शोधा.

क्रमांक नसेल तर राज्य महाराष्ट्र, जिल्हा पुणे निवडून नावाने शोधा. लोक इथेच अडतात. नाव इंग्रजी लिपीत टाकायचं असतं आणि कोर्टातल्या कारकुनाने ते कसं टाइप केलं ते आपल्याला माहीत नसतं. ‘क्षीरसागर’चं स्पेलिंग चार तऱ्हांनी होतं. आडनाव आधी असू शकतं, वडिलांचं नाव मध्ये असू शकतं किंवा नसूही शकतं. म्हणून पूर्ण नाव टाकू नका. आडनावाची पहिली चार-पाच अक्षरं टाका, मग नुसतं नाव टाकून बघा. वर्ष भरावंच लागतं, आणि ते खटला कोर्टात नोंदवल्याचं वर्ष असतं. ३१ डिसेंबरच्या रात्रीची केस पुढच्या वर्षात नोंदलेली असते, हे विसरू नका. ‘प्रलंबित’ आणि ‘निकाली’ या दोन्ही खुणा शोधात घ्या. दंड भरून संपलेली केस निकाली यादीत जाते आणि माणूस मात्र प्रलंबित यादीतच शोधत बसतो.

कुठल्या कोर्टात शोधायचं, हा पुढचा प्रश्न. शिवाजीनगरला जिल्हा न्यायालयाच्या आवारात बरीच फौजदारी न्यायालयं आहेत, पण खडकी, लष्कर आणि पिंपरी इथली न्यायालयं वेगळी. वाकड-हिंजवडीकडे पकडलं असेल तर तो भाग २०१८ पासून पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाचा, पुण्याच्या आयुक्तालयाचा नव्हे. त्यामुळे एका ठिकाणी नाव सापडलं नाही तर यादीतलं पुढचं न्यायालय निवडून पुन्हा शोधा. खटल्यांचे प्रकार दिसतील: एस.सी.सी. म्हणजे संक्षिप्त फौजदारी खटला, आर.सी.सी. म्हणजे नियमित फौजदारी खटला. नुसती पिऊन चालवल्याची केस बहुधा एस.सी.सी.मध्ये सापडते. अपघात होऊन कुणाला इजा झाली असेल तर आर.सी.सी.मध्ये बघा.

एफआयआर झाला असेल तर आणखी एक वाट आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ ला आदेश दिला की संवेदनशील गुन्हे वगळता एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकावा. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर ‘प्रकाशित एफआयआर’ या विभागात जिल्हा, पोलीस ठाणे आणि तारीख टाकली की तो मिळतो. त्यातला गुन्हा रजिस्टर नंबर घेऊन ईकोर्ट्सवर एफआयआर क्रमांकानेही शोधता येतं. नावाच्या स्पेलिंगची कटकट त्यात येत नाही.

नोंद सापडली की तिच्यात काय असतं? फार काही नसतं. तारखा, कोर्टाचं नाव, कलम आणि कधी कधी आदेशाची पीडीएफ. संक्षिप्त खटल्याचा आदेश दोन-तीन ओळींचा असतो: आरोपी हजर, गुन्हा कबूल, दहा हजार दंड, दंड न भरल्यास इतके दिवस साधी कैद. त्या दोन-तीन ओळींवर कुणाची नोकरी किंवा व्हिसा अडू शकतो, म्हणून त्या स्वतः वाचा. एजंटने फोनवर सांगितलेलं धरून चालू नका.

काय खुलं आणि काय नाही, याबद्दल फार गैरसमज आहेत. एफआयआर खुला आहे, निकाल खुला आहे, सुनावणीही खुल्या न्यायालयात चालते आणि तुम्ही मागच्या बाकावर बसून ऐकू शकता. दोषारोपपत्र मात्र सार्वजनिक दस्तऐवज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं. रक्ताचा रासायनिक विश्लेषण अहवाल, म्हणजे बोलीभाषेतला सीए रिपोर्ट, त्या दोषारोपपत्राबरोबर असतो. तो त्रयस्थाला ऑनलाइन सापडणार नाही. आणि आरोपी १८ वर्षांखालचा असेल तर काहीच सापडणार नाही. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ नुसार त्याची ओळख उघड करणं हाच गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरला गाडीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला, त्यात गाडी चालवणारा १७ वर्षांचा होता. त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे गेलं. रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपात ज्या प्रौढांना अटक झाली, त्यांचा खटला मात्र नेहमीच्या न्यायालयात. घटना एकच, पण एक नोंद बंद आणि दुसरी खुली. लोकांचा संताप मला समजतो, तरीही अल्पवयीन मुलाचं नाव व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका.

आता नक्कल. ऑनलाइन पीडीएफ माहितीपुरती असते. वकिलातीत, पासपोर्ट कार्यालयात, नोकरीच्या पडताळणीत सही-शिक्क्याची प्रमाणित नक्कलच लागते. ती ज्या कोर्टात खटला चालला तिथल्या नक्कल विभागात मिळते. अर्जावर केस नंबर, दोन्ही पक्षांची नावं, निकालाची तारीख आणि कोणत्या कागदाची नक्कल हवी ते लिहायचं, कोर्ट फीचं तिकीट लावायचं, सोबत ओळखपत्राची प्रत जोडायची. वकील असेल तर तो वकीलपत्रावर अर्ज करतो. आरोपी किंवा निकालाने थेट बाधित झालेली व्यक्ती असेल तर अडचण येत नाही. त्रयस्थाला नक्कल का हवी याचं कारण अर्जात सांगावं लागतं आणि न्यायाधीशांची परवानगी लागते. ‘मग माहिती अधिकारात मागवतो’ म्हणणारे बरेच भेटतात. त्यात वेळ घालवू नका. न्यायालयीन कागदांच्या नकला उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणेच घ्याव्या लागतात, असा सर्वोच्च न्यायालयाचा ४ मार्च २०२० चा निकाल आहे. आणि उशीर करू नका. छोट्या खटल्यांची कागदपत्रं ठरावीक मुदतीनंतर नष्ट केली जातात.

ज्यांच्या घरातलं माणूस दारुड्या चालकाने उडवलं, त्यांच्यासाठी हे सगळं मी दुप्पट आग्रहाने सांगतो. मोटार अपघात नुकसानभरपाईचा दावा अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करावा लागतो. दुःखात सहा महिने कसे जातात कळत नाही. एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, शवविच्छेदन किंवा जखमेचं प्रमाणपत्र हे कागद तपास अधिकाऱ्याकडे लगेच मागा. फौजदारी निकालाची वाट बघत बसू नका, दावा स्वतंत्र चालतो. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, हेल्पलाइन १५१००. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो.

शाळेच्या बससाठी किंवा घरच्या गाडीसाठी चालक ठेवताना त्याचं नाव ईकोर्ट्सवर तपासणं चुकीचं नाही. पण तिथे फोटो नसतो, जन्मतारीख नसते. पुणे जिल्ह्यात एकाच नावाचे कितीतरी गणेश शिंदे आहेत. नाव जुळलं म्हणून एखाद्याची रोजीरोटी तोडू नका. आधी त्यालाच विचारा आणि त्याला पोलीस चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र आणायला सांगा. खटला प्रलंबित असेल तर तो अजून दोषी नाही, हेही लक्षात ठेवा.

व्हिसासाठी धावणाऱ्या मुलांना शेवटचं सांगतो. फॉर्ममध्ये ‘नाही’ लिहून लपवू नका. खोटं उत्तर मूळ केसपेक्षा महागात पडतं. निकाल मराठीत असेल तर नक्कल हातात आल्या दिवशीच इंग्रजी प्रमाणित भाषांतराला द्या, दंडाच्या पावतीची प्रत सोबत जोडा आणि मूळ नक्कल कुणाकडेही सोडू नका. म्हणूनच अर्ज करतानाच दोन नकला मागा.